माझ्या गाठीचे दोन तुकडे

मानेत गाठ आलेला माणूस आमच्या ओळखीत कुठे सापडला, की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. मी डॉक्टर नाही. मद्रासजवळच्या अंबत्तूरमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी माल तपासण्याचं काम करतो. तरी माणसं येतात, बाहेरच्या खोलीत बसतात, कॉलर बाजूला करतात आणि म्हणतात, "जरा हात लावून बघा ना." मी हात लावत नाही. कॉफी देतो, आणि सांगतो की गाठ काढली तर ती अख्खी प्रयोगशाळेत पोचू द्या. हे ऐकून ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. काढलेली गाठ कोण तोडायला जाणार?

मी तोडली होती. दरवेळी ते सगळं तोंडी सांगायचा मला आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

*

नवरात्रात आमच्या घरी गोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या. सुगुणा, म्हणजे माझी बायको, वरच्या पायरीवरच्या बाहुल्या लावत होती आणि मी खाली आरशासमोर दाढी करत होतो. डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर, बोटाला काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, हे पुढे मला तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी ऐकवलं, जणू न दुखण्याची निवड मी केली होती.

सुगुणाचं माहेर तंजावूरच्या मराठी घराण्यातलं. मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी मद्रासला आलो आणि इथलाच झालो. तिचा भाऊ सेतुराव बँकेत होता. त्याने गाठ बघितली आणि म्हणाला, "भाओजी, एवढीं वर्षं तुमचं कोल्हापुरी तिखट कुठें जातें म्हणून विचार करत होतों. इथें सांठत होतें."

घराजवळच्या डॉक्टरांनी गाठ दोन बोटांत धरली, खोकून दाखवायला सांगितलं आणि जाहीर केलं, "टीबी." मानेत गाठ म्हणजे टीबी, त्यात विचार करण्यासारखं काही नाही, असा त्यांचा सूर होता. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी नारिंगी व्हायची. गाठ तशीच.

"वाढत नाही ना?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे औषध लागू पडतंय."

पोंगलनंतर ती वाढली. बोराएवढी झाली, शेजारी दुसरी आली. "औषध सुरू केल्यावर कधीकधी असं होतं," डॉक्टर म्हणाले. गाठ वाढली तरी त्यांचं बरोबर, न वाढली तरी त्यांचं बरोबर. आमच्या कारखान्यात असं बोलणाऱ्या माणसाला मी खात्यात उभं राहू दिलं नसतं. "तुकडा काढून बघितलं तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "कापायची एवढी घाई का?"

पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून मला सुटता येणार नाही. टीबी म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. टीबीला नाव होतं, औषध होतं, शेवट होता. मी माझं ताट वेगळं केलं, लोटा वेगळा केला. मुलीला, मालतीला, माझ्याजवळ बसू दिलं नाही. शेजारची मुलं तिच्याशी खेळायला येईनाशी झाली आणि ती जिन्यात एकटी बसून पल्लांगुळीच्या लाकडी पाटावर कवड्या एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात टाकत राहायची. मला न झालेल्या आजारासाठी तिने तो अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा घालवला. याबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

*

शेवटी सेतुराव मला किल्पाकच्या एका सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी मान बघितली आणि घराजवळच्या डॉक्टरांबद्दल काहीच बोलले नाहीत. सर्जन लोकांना काही न बोलता बरंच बोलता येतं. म्हणाले, "मोठी गाठ वरवर आहे, सहज निघेल. शनिवारी या."

निघालीही सहज. मान बधिर करून त्यांनी ती काढली, टाके घातले, आणि परिचारिकेने माझ्या हातात एक बाटली दिली. आत पातळ औषध आणि त्यात ती. "लॅबला नेऊन द्या."

त्या काळी हीच पद्धत होती. कापायचं काम डॉक्टरांचं, पोचवायचं काम नातेवाइकांचं. नातेवाईक म्हणून सेतुराव होता, पण तो स्कूटर चालवत होता. म्हणून मानेला पट्टी बांधलेला मी मागे बसलो आणि माझीच गाठ मांडीवर धरून मद्रासच्या रस्त्यांवरून निघालो. लॅब गाठली तेव्हा कुलूप होतं. शनिवारी लवकर बंद. सोमवारी उघडणार.

घरी आलो. सुगुणा दारातच उभी राहिली.

"घरांत नकों तें."

"मग कुठे ठेवू?"

"कुठेंही. आंत देव आहेत."

"इतके महिने माझ्या मानेत होती, तेव्हा घरातच होती ना?"

"तेव्हां ती तुमची होती," सुगुणा म्हणाली. "आतां कुणाची?"

मी बाटली बाहेरच्या खिडकीच्या कठड्यावर, चपलांच्या वर ठेवली.

*

आता मी काय केलं ते सांगण्याआधी माझं काम कसं चालतं ते सांगावं लागेल.

भट्टीतून लोखंडाचा रस ओतला की त्याच रसाची एक छोटी कांडी वेगळी ओततात. ती थंड झाली की आम्ही तिचे दोन तुकडे करतो. एक आमच्या लॅबमध्ये तपासतो, दुसरा मोहोर लावून कपाटात ठेवतो. माल घेणाऱ्याने तक्रार केली, की तो दुसरा तुकडा तिसऱ्याच ठिकाणी पाठवायचा. कुणाच्याही एका अहवालावर माल पास करायचा नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो आणि तेव्हापासून ते माझ्या हाडात गेलं होतं.

आणि आधीच एका डॉक्टरवर विश्वास ठेवून मी फसलो होतो. आता माझ्या मानेचा निकाल कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या एका कागदावर लागणार होता. तो माणूस चुकला तर?

रविवारी जेवून सुगुणा आणि मालती आडव्या झाल्या. मी बाहेरच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, दाढीचं नवं पातं घेतलं, कारखान्यातला माझा बारीक चिमटा घेतला आणि बाटली उघडली. डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. गाठ करड्या पांढऱ्या रंगाची होती, उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखी, आणि बुळबुळीत. चिमट्यातून सटकली. मी घट्ट धरली. पुन्हा सटकली. आणखी घट्ट धरली आणि पातं चालवलं. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन ठेवली होती, तिच्यात अर्धं पातळ औषध आणि अर्धी गाठ टाकली.

खरं सांगायचं तर मी खूश होतो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी करत होतो. नाहीतर सगळं माझ्यावरच केलं जात होतं.

सोमवारी एक बाटली सर्जनने सांगितलेल्या लॅबमध्ये दिली. दुसरी घेऊन मी सेतुरावला मैलापूरकडे स्कूटर वळवायला सांगितलं.

"भाओजी, ही दुसरी गाठ कुठून आली?"

"तीच आहे."

"ती तर दिली आत्तां."

"अर्धी दिली."

तो सिग्नलला थांबला. मग मान न वळवता म्हणाला, "बँकेत कुणी एकाच चेकचे दोन तुकडे करून दोन शाखांत टाकले तर काय होतें, ठाऊक आहे?"

"काय?"

"दोन्हींकडे वटत नाहीं."

*

दोन्हीकडे वटला नाही.

पहिल्या लॅबने लिहिलं: ग्रंथीला सूज, टीबीचं लक्षण नाही, मिळालेल्या भागात कॅन्सर दिसत नाही. दुसऱ्या लॅबने लिहिलं: मोजक्या मोठ्या, संशयास्पद पेशी दिसतात, नमुना अपुरा आणि दाबला गेलेला, मत देता येत नाही, कृपया संपूर्ण ग्रंथी पाठवावी.

घराजवळच्या डॉक्टरांनी पहिला कागद उचलला आणि म्हणाले, "बघा, कॅन्सर नाही." त्याच कागदावर टीबीही नाही असं लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलं नाही. सर्जननी दोन्ही कागद वाचले आणि विचारलं, "मी एक गाठ एका लॅबला पाठवली. हा दुसरा अहवाल कुणाचा आहे?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कॅन्सरच्या इस्पितळातल्या पॅथॉलॉजीच्या प्रमुख बाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. "गाठीचे काप लावलेल्या काचा दोन्ही लॅबमधून मागवून घ्या. आणि त्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

*

बाई पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, अंबाड्यात थोडी जाईची फुलं, समोर मायक्रोस्कोप. एका लॅबच्या काचा बघितल्या, दुसऱ्या लॅबच्या बघितल्या, पुन्हा पहिल्या बघितल्या. आमचं बोलणं निम्मं तमिळमध्ये आणि निम्मं इंग्रजीत चाललं होतं.

"या एकाच गाठीच्या आहेत?"

"हो."

"कुणी कापली?"

"मी."

"तुम्ही सर्जन आहात?"

"ओतकामात आहे."

त्या हसल्या नाहीत. मी कांडीचं, मोहोर लावलेल्या तुकड्याचं, सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, हेच मला जास्त लागलं.

"लोखंड वितळलेलं असतं," त्या म्हणाल्या. "ढवळलेलं असतं. त्याचा कुठलाही तुकडा सगळ्याबद्दल सांगतो. ग्रंथी तशी नसते. तिला कड असते, आत वेगवेगळे भाग असतात. पेशी कशी दिसते एवढ्यावर आम्ही नाव देत नाही. ती कुठे बसली आहे, तिच्या आजूबाजूला कोण आहे, हे बघून देतो. तुम्ही मला अर्धा नकाशा दिलात. तोही चुरगाळून."

"चिमट्याने..."

"दिसतंय चिमट्याने."

मग मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. मायक्रोस्कोप मला नवा नव्हता, पण लोखंड करडं असतं, आणि हे सगळं गुलाबी जांभळं होतं. एका बाजूला पेशी फासटून धुरासारख्या लांबल्या होत्या. तो माझा चिमटा. मधे एक मोठी पेशी होती, आत दोन गोल, घुबड बघत असावं तशी.

"ही वाईट आहे का?"

"हिच्यामुळे मला संशय येतो."

"म्हणजे कॅन्सर आहे."

"म्हणजे संशय आहे."

"बाई, सहा महिने मी एका संशयाचीच औषधं खाल्ली. तुम्हाला ही पेशी दिसते आहे. मलासुद्धा दिसते आहे. एक शब्द लिहायला काय हरकत आहे?"

"तुम्ही अपुऱ्या नमुन्यावर माल पास करता?"

'नमुना अपुरा, पुन्हा पाठवा' असे शेरे मी स्वतः किती पुरवठादारांना लिहिले होते, आणि ते दारात उभे राहून माझ्याकडे कसे बघायचे, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

"असावा म्हणून मी कुणाला ती औषधं घेऊ देणार नाही," त्या म्हणाल्या. "फार कडक असतात. दुसरी गाठ काढावी लागेल. अख्खी हवी."

दुसरी गाठ खोल होती. मान बधिर करून भागणार नव्हतं, पूर्ण भूल द्यावी लागणार होती. सहज निघणारी होती तिचे मी दोन तुकडे केले होते.

*

सुगुणाला हे सांगणं सर्जनला सांगण्याहून अवघड गेलं. तिने आधी एवढंच विचारलं, "पातं कुठलें घेतलें?"

"दाढीचं. नवं होतं."

"तें टाकलें ना?"

"टाकलं."

"सरि." ती भांडी आवरायला आत गेली. मला वाटलं सुटलो. आतून भांड्यांचा आवाज वाढत गेला, मग एकदम थांबला आणि ती दारात आली.

"तुम्हांला डॉक्टरावर भरंवसा नाहीं, लॅबवर नाहीं. सरि. मी पलीकडच्या खोलींत होतें. मला उठवून विचारायचें नव्हतें कां? मी काय बोललें असतें, तें ठाऊक होतें म्हणून विचारलें नाहीं."

तेच कारण होतं.

*

दुसरी गाठ कॅन्सरच्या इस्पितळातच काढली. ती बाटली माझ्या हातात कुणी दिली नाही.

वॉर्डात पहाटे झाडू, मग थर्मामीटर, मग स्टीलच्या पेल्यातली कॉफी, मग वाट बघणं. डॉक्टर राउंडला यायचे आणि आमच्याशी न बोलता बाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलायचे. आम्ही खाटांवर बसून दाराच्या काचेतून त्यांचे ओठ हलताना बघायचो. माझ्या शेजारच्या खाटेवर चिंगलपेटचे एक शाळामास्तर होते. त्यांच्या पोटात गाठ होती. त्यांच्या मुलांनी त्यांना अल्सर आहे असं सांगितलं होतं. मास्तरांना खरं माहीत होतं, पण मुलांना वाईट वाटेल म्हणून ते अल्सरचं पथ्य पाळत होते. मला हे बघवत नव्हतं. मी सुगुणाला बजावलं, माझ्या बाबतीत असलं काही चालणार नाही.

तरी चाललंच. एका दुपारी सेतुराव आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कसें आहांत, भाओजी? जेवलांत?" मग फळं चिरायला लागला. माझी पट्टी बघितली, माझ्या लुंगीचा रंग बघितला, आणि एकदाही चेष्टा केली नाही. मला त्याच क्षणी कळलं.

"काय म्हणाले?"

"कांहीं नाहीं. ग्रंथींचा किरकोळ विकार."

"सेतुराव, मान माझी आहे."

त्याने चाकू खाली ठेवला. "कॅन्सर आहे. हॉजकिन म्हणतात. त्यांतला बरा होणारा प्रकार, असें बाई दोनदां बोलल्या."

"तुला का सांगितलं?"

"मीच विचारलें. आणि तुम्हांला सांगूं नका असेंही मीच बोललों." त्याचे डोळे भरले होते आणि त्यामुळे मला आणखी राग आला, कारण आता मला त्याची समजूत काढावी लागणार होती. ती काढली. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. इतके महिने मी एका नावासाठी भांडत होतो. नाव मिळालं तेव्हा ते तोंडातून काढायला जीभ वळेना. भीती वाटली. मालतीची वेणी डोळ्यांसमोर आली, का ते माहीत नाही.

*

मला वाटलं होतं, नाव कळलं की निदान संपलं. नाही. आता ते किती पसरलंय ते बघायचं होतं. छातीचा एक्सरे झाला, पोटाची तपासणी झाली, कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढला. त्या वेळी मी ओरडलो, ते लपवत नाही. प्रत्येक तपासणी वेगळ्या खिडकीवर, प्रत्येक खिडकीला वेगळी रांग, आणि प्रत्येक रांगेत पुढच्या माणसाचा कागद कमी.

अखेर उपचार ठरवणाऱ्या तरुण डॉक्टरांसमोर आम्ही उभे राहिलो. गाठी मानेत आणि छातीत होत्या, पोटात नव्हत्या. म्हणजे आजाराची दुसरी पायरी. "आता फक्त ए की बी, एवढं ठरवायचं," ते म्हणाले. मला बरं वाटलं, आमच्याही कारखान्यात मालाला ए आणि बी असतात. त्यांनी विचारलं, ताप यायचा? फारसा नाही. वजन घटलं? थोडंसं. रात्री घाम यायचा?

बाहेर कत्तिरीचं, मे महिन्यातलं सगळ्यात कडक ऊन होतं. खोलीतला पंखा गरम हवा ढवळत होता आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या कपाळावर थेंब होते.

"मद्रासमध्ये कुणाला येत नाही?" मी म्हणालो.

ते हसले. "तेही खरंच. म्हणजे ए." आणि पेन टेकवलं.

"डॉक्टर." सुगुणा दाराजवळ उभी होती. आतापर्यंत एकाही डॉक्टरसमोर ती बोलली नव्हती. ती तमिळमध्ये बोलली, सावकाश, माझ्याकडे न बघता. हा घाम तसा नाही. मार्गळीत, ऐन थंडीत, आम्ही सगळे पांघरूण घेऊन झोपत होतो, तेव्हाही यांची उशी पिळण्याइतकी ओली असायची. चादर रोज बदलावी लागायची, गादी गच्चीवर वाळत घालावी लागायची. टीबीमुळे असेल असं वाटलं, म्हणून बोलले नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "खरं आहे?"

खरं होतं. मी रोज उठून बनियन बदलत होतो. ते मला इतकं सवयीचं झालं होतं, की विचारल्यावर आठवलंही नाही. चादर रोज कोरडी कशी असते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्यांनी ए खोडून बी, म्हणजे लक्षणं असलेला, असं लिहिलं. नुसत्या किरणोपचारावर भागणार नाही, सलाइनमधून औषधंही द्यावी लागतील, असं सांगितलं.

बसथांब्यावर मी तिच्यावर चिडलो. तुला बोलायची काय गरज होती, नुसत्या किरणांत सुटलो असतो, असं काहीसं बोललो. आजूबाजूला माणसं होती. तिने डब्यातला दहीभात काढला, वर नारत्तंगायचं लोणचं घातलं, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पोदुम, पुरे. जेवा आधीं."

*

औषधांचे महिने मी इथे लिहीत नाही. उलट्या झाल्या, केस गेले, सेतुरावची चेष्टा परत आली. दहीभात तेवढा पोटात राहायचा. किरणंही झाली. गाठी गेल्या. नंतर कधीतरी त्या तरुण डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं, नुसत्या किरणांवर ठेवलं असतं तर आजार बहुधा पुन्हा आला असता, आणि मग त्यांनी काय केलं असतं ते त्यांना माहीत नाही.

म्हणून गाठ घेऊन येणाऱ्यांना अलीकडे मी आणखी एक गोष्ट सांगतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा तुमच्या खोलीत झोपणारं माणूस बरोबर न्या. त्याला दाराशी उभं करू नका, खुर्ची द्या.

तपासणीला मी अजूनही जातो. डॉक्टर आता तितके तरुण राहिले नाहीत. "कसे आहात? झोप कशी आहे?" असं ते मला विचारतात आणि उत्तरासाठी सुगुणाकडे बघतात. मला दरवेळी राग येतो. मी छताकडे बघत बसतो आणि तिचं सांगून होईपर्यंत बोलत नाही.